हळव्या मनाची सबब

‘तुम्ही कशा हो देऊन टाकता? मला बाई जमणारच नाही, मी फार हळवी आहे.’

रस्त्यावरून वाचवलेलं कुत्रं कायमचं घर मिळेपर्यंत आपल्या घरी सांभाळायचं, याला आम्ही फॉस्टर करणं म्हणतो. हे काम करणाऱ्या प्रत्येक बाईने वरचं वाक्य ऐकलेलं असतं. लिफ्टमध्ये ऐकलेलं असतं, व्हेटच्या दवाखान्यातल्या बाकावर ऐकलेलं असतं, नात्यातल्या लग्नात जेवणाच्या रांगेत ऐकलेलं असतं. पुरुष तेच जरा वेगळ्या तऱ्हेने म्हणतात: ‘आपल्याला नाही बुवा असं अर्ध्यावर सोडता येत.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं हे मला कळतं. तरीही याचा जाहीर प्रतिवाद करायला हवा, कारण या कौतुकाच्या पोटात एक आरोप आहे. ज्याला देता येतं त्याचा जीव मुळात जडलेलाच नसतो, असा तो आरोप. त्यातून लोक जो निष्कर्ष काढतात तो आणखी घातक आहे: ज्यांचा जीव जडतो त्यांनी या वाटेला जाऊच नये. म्हणजे जखमी, घाबरलेल्या कुत्र्याला ज्या स्वभावाच्या माणसाची सगळ्यात जास्त गरज, तेच माणूस दारातून मागे फिरतं.

त्याची किंमत कोण मोजतं ते सांगते.

भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांचे गाभणपणाचे दिवस साधारण ६३. त्यामुळे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमच्या पुण्यात पार्किंगमध्ये, बांधकामाच्या वाळूत, बंद दुकानांच्या पायऱ्यांखाली पिल्लंच पिल्लं असतात. त्यांतल्या काहींची आई गाडीखाली जाते. काही पिल्लं कुणीतरी खोक्यात भरून दवाखान्याच्या दारात ठेवून जातं. पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर द्यायची, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण त्याच्या आधीच उतरू लागतं. या मधल्या दिवसांत पार्व्हो गाठतो. सकाळी खेळणारं पिल्लू संध्याकाळी कोपऱ्यात मान टाकून बसतं, मग उलट्या, मग रक्ताची हगवण. तिचा वास ओळखण्यात चूक होत नाही. हा विषाणू मातीत आणि फरशीच्या सांध्यांत महिनोन् महिने टिकतो. साध्या फिनाईलला दाद देत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. शेल्टर कितीही मायेने चालवलेलं असो, तिथे एकत्र ठेवलेल्या पिल्लांत एकाला लागण झाली की बाकीच्यांचं काय होतं ते तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

अशा पिल्लाला हवं असतं एक साधं टाइल्सचं बाथरूम किंवा बंद करता येणारी बाल्कनी, जिथे आधी आजारी पिल्लू राहिलेलं नाही. तिथे ते चौदा दिवस वेगळं राहिलं, जंताचं औषध आणि लस वेळेवर मिळाली, गाईच्या दुधाने पोट बिघडवण्याऐवजी पिल्लांचं दूध किंवा मऊ भात-चिकन मिळालं, तर ते जगण्याची शक्यता कितीतरी वाढते. अशी बाथरूमं या शहरात लाखांनी आहेत. ‘मी हळवी आहे’ या वाक्याने त्यांची दारं बंद आहेत. म्हणून मला ते वाक्य निरुपद्रवी वाटत नाही.

जरा अधिक विचार करणारी माणसं वेगळा आक्षेप घेतात. ‘आधी रस्त्याने टाकलं, आता तुम्ही टाकता. दोनदा पोरकं होतं ते बिचारं.’ या आक्षेपाला वजन आहे. कुत्रं जीव लावतं हे खरंच आहे, आणि निरोपाच्या दिवशी ते गाडीच्या काचेतून मागे बघतं हेही खरं. पण जीव लावण्याची त्याची ताकद एकदाच वापरून संपते, हे गृहीतक चुकीचं आहे. बुडापेस्टच्या मार्ता गाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली शेल्टरमधल्या प्रौढ कुत्र्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. एका अनोळखी माणसाने या कुत्र्यांना तीनदा, दर वेळी फक्त दहा मिनिटं वेळ दिला. तेवढ्यावर ती कुत्री त्या माणसाशी आपल्या माणसाशी वागावं तशी वागू लागली. अमेरिकेत लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये पाच शेल्टरमधल्या २०७ कुत्र्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं. एक-दोन रात्री कुणाच्या घरी झोपायला नेलेल्या कुत्र्यांचा ताण तिथे उतरला. शेल्टरला परतल्यावर तो पूर्वीच्या पातळीला आला, पण तिच्या वर गेला नाही. म्हणजे घर दाखवून परत आणल्याने कुत्रं आधीपेक्षा जास्त मोडतं, ही भीती त्या मोजमापात टिकली नाही. आणि आम्ही तर परत शेल्टरला पाठवतच नाही. आम्ही एका घरातून दुसऱ्या घरात पाठवतो, जिथे त्याला कायमचं राहायचं आहे.

पोरकेपणाबद्दल बोलायचंच असेल तर मेथीबद्दल बोलू. तांबूस रंगाची, कान एक उभा, एक पडलेला. नगर रस्त्यावर गाडीने उडवली होती. मागच्या पायात प्लेट घालून डॉक्टरांनी सहा आठवडे हालचाल बंद ठेवायला सांगितलं. हे सहा आठवडे रस्त्यावर काढता येत नाहीत, हे आक्षेप घेणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावं. तिला छप्पर ठाऊक नव्हतं. पंखा सुरू केला की ती पोटावर सपाट व्हायची. कुकरची शिट्टी झाली की थरथर सुटायची ती पुढच्या शिट्टीपर्यंत. फरशीवर पाय घसरतो हे कळल्यापासून ती पायपुसण्यावरून हलेना, म्हणून खोलीभर जुनी गोणपाटं अंथरली. लघवीला नेताना पोटाखालून पंचा घालून मागचं अंग उचलून धरावं लागे, आणि ती मान पूर्ण मागे वळवून माझ्या हाताकडे बघत राही, कारण माणसाचा हात मागून येतो तेव्हा काय होतं हे तिला माहीत होतं. कुणी बघत असलं तर खायची नाही. मी पाठ करून भाकरी कुस्करायची, ताट ठेवायचं आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. एक दिवस पाठीमागे ताट वाजलं, आणि मग माझ्या कोपराला ओलं नाक लागलं.

या सगळ्यात तिला माझी ओळख झाली ती माणूस म्हणून. पुढे नाशिकचं एक कुटुंब तिला दत्तक घ्यायच्या विचाराने बघायला आलं तेव्हा ती सोफ्यामागे गेली, पण लपून राहिली नाही. अर्ध्या तासात बाहेर येऊन त्यांच्या मुलाच्या चपलेचा वास घेऊ लागली. दोन महिन्यांपूर्वीची मेथी हे करू शकली नसती. माझ्यावर बसलेला तिचा विश्वास माझ्याजवळ अडकून पडला नाही, तो तिने पुढच्या माणसापर्यंत नेला. फॉस्टर घराने करायचं काम हेच. ते जमलं, आणि यालाच लोक दुसऱ्यांदा टाकून देणं म्हणतात.

देणं कसं असतं तेही ज्यांना माहीत नाही तेच बहुधा त्याला टाकणं म्हणतात. त्या कुटुंबाला मी नको वाटतील असे प्रश्न विचारले. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची संमती आहे का? घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? गॅलरीला जाळी आहे? बदली झाली, मूल झालं, आजी आजारी पडल्या, तर कुत्र्याचं काय? गावाला जाताना ती कुठे राहील? घर आधी व्हिडिओवर पाहिलं, मग प्रत्यक्ष. नसबंदी आणि अँटीरेबीज झाल्याशिवाय ती दिली नाही. काही कारणाने ठेवणं अशक्य झालं तर तिला परस्पर कुणाला द्यायचं नाही, माझ्याकडे आणायचं, असं लेखी घेतलं. सोबत तिची न धुतलेली चादर दिली, दहा दिवस पुरेल एवढं नेहमीचं खाणं दिलं, आणि पट्टा व हार्नेस असे दोन वेगवेगळे दोर लावून फिरवण्याची सक्त ताकीद दिली. नव्या घरातल्या पहिल्या आठवड्यात घाबरून निसटलेलं कुत्रं सापडणं फार अवघड, हे या कामातलं प्रत्येक माणूस जाणतं.

निरोपाच्या वेळी समजूत काढायला लोक म्हणतात, लेकीची पाठवणीच म्हणा ना. ही उपमा मला मान्य नाही. लेक त्या घरची असते. मेथी माझ्या घरची म्हणून आलीच नव्हती. ती आली त्या दिवसापासून माझं प्रत्येक काम तिला इथून जाता यावं म्हणून होतं, पंख्याखाली झोपायला शिकवणंसुद्धा. ती गेल्यावर मला रडू आलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि त्याने तिचं काही बिघडलंही नाही. माझ्या रडण्याची काळजी घ्यायला घरची माणसं आहेत. तिची काळजी घ्यायला तेव्हा कुणी नव्हतं. हळवेपणाचा आधार घेऊन नकार देणाऱ्याने या दोन दुःखांपैकी कुणाचं मोठं धरलं, ते त्याने स्वतःला विचारावं.

‘एवढा जीव आहे तर ठेवूनच का घेत नाही?’ याचं उत्तर हिशेबाचं आहे. बरं सांभाळलेलं गावठी कुत्रं बारा-चौदा वर्षं सहज जगतं. माझ्या घरात दोन कुत्र्यांची जागा आहे. एक माझं, म्हातारं. दुसरी जागा येणाऱ्याची. मेथी राहिली असती तर ती जागा तेवढ्या वर्षांसाठी भरली असती, आणि तिच्यानंतर जी आली ती आली नसती. ज्यांनी फॉस्टर म्हणून आणलेलं कुत्रं ठेवून घेतलं त्यांना मी नावं ठेवत नाही, त्या कुत्र्याचं भलंच झालं. पण ठेवून घेणं म्हणजे जास्त प्रेम आणि पुढे देणं म्हणजे कमी, ही उतरंड मला मान्य नाही.

इथे मादीचा मुद्दा बोललाच पाहिजे. दत्तक घ्यायला येणाऱ्यांत ‘नर आहे का?’ हा पहिला प्रश्न असतो. मादीला पिल्लं होतील, माजावर आली की दाराशी कुत्री जमतील, ही भीती. नसबंदी झालेल्या मादीबाबत या भीतीला काही अर्थ नाही, पण हे फोटोखालच्या चार ओळींतून पटत नाही. जिच्या घरी ती महिनाभर राहिली ती बाई समोर बसून सांगते, ही कशी आहे, मुलांशी कशी, रात्री भुंकते का, एकटी राहते का, तेव्हा पटतं. काळ्या कुत्र्यांचं तसंच, एक डोळा गेलेल्यांचं तसंच. पिंजऱ्याच्या जाळीमागे भुंकणारं कुत्रं कसं आहे हे कुणालाच कळत नाही, कारण तिथे ते स्वतःसारखं वागतच नाही.

‘सरकारने शेल्टर बांधावीत, तुम्ही कशाला मध्ये पडता?’ असं म्हणणाऱ्यांना गेल्या काही वर्षांतल्या घडामोडी नीट वाचायला सांगेन. १० मार्च २०२३ ला अधिसूचित झालेल्या अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल नियमांनुसार रस्त्यावरचं कुत्रं नसबंदी आणि लसीकरण करून पकडलं त्याच जागी सोडायचं असतं. मी त्या नियमाच्या बाजूने आहे. आपल्या गल्लीत खाऊन-पिऊन राहणारं, नसबंदी झालेलं, धडधाकट प्रौढ कुत्रं उचलून फ्लॅटमध्ये आणा, असं कुणीही जबाबदार माणूस सांगणार नाही. फॉस्टर लागतं ते आईविना पिल्लांना, जखमींना, आणि घरातून हाकललेल्यांना. या शेवटच्यांचं दुःख वेगळंच असतं. हौसेने आणलेला हस्की किंवा लॅब्राडोर उन्हाळ्यात हायवेला सोडून देतात, आणि तो येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे धावत जातो. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये.

मग २०२५ आलं. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली-एनसीआरमधली सगळी भटकी कुत्री शेल्टरमध्ये टाकायचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला: रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर परत सोडावीत. ७ नोव्हेंबरला शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हटवावीत आणि तिथे परत सोडू नयेत, असा आदेश आला. यातल्या कशाबद्दल कुणाचं काय मत आहे हा स्वतंत्र विषय. पण ज्या कुत्र्याला परत जायला जागाच उरत नाही, त्याच्यासाठी शेल्टरच्या पिंजऱ्यात जन्म काढणं हा एक मार्ग, आणि माणसाळलेलं असेल तर घर मिळणं हा दुसरा. २२ ऑगस्टच्या आदेशातच प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून कुत्रं दत्तक घेण्याची मुभा आहे, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकलेली आहे. ही जबाबदारी निभेल की नाही हे अर्ज भरताना कळत नाही. स्टेशनच्या फलाटावर वाढलेलं कुत्रं लिफ्टमध्ये कसं वागतं, लहान मुलाने ताटाजवळ हात नेला तर काय करतं, हे कुणीतरी आधी घरात राहून पाहिलेलं असावं लागतं. तसं पाहिलेलं नसताना घाईत दिलेली कुत्री परत येतात, किंवा परत येण्याआधीच कुठेतरी सोडली जातात.

‘आधी माणसांच्या पोरांचं बघा’ हे वाक्यही येतंच. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही, आणि आपल्याकडे तो बहुतेक कुत्र्यांच्या चाव्यातून होतो, त्यातही मुलांना. घरात गेलेली, लस टोचलेली, नसबंदी झालेली प्रत्येक मादी म्हणजे पुढच्या भाद्रपदानंतर त्या गल्लीत पिल्लांचं एक वेत कमी. हे काम मुलांच्या विरोधातलं नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. मालकाला न विचारता कुत्रं आणू नका. मधेच बाहेर काढावं लागलं तर हाल त्याचेच. सोसायटीचं म्हणाल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. चेअरमनसाहेबांना तो कागद दाखवा, आणि लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, जिन्यात घाण झाली तर ताबडतोब पुसा. दोन्ही केलं तरच निभतं.

आणि आता आमच्याच माणसांशी. फॉस्टर करायला लोक घाबरतात त्याचं एक कारण हळवेपणाचं नाहीच, आणि ते आम्हीच तयार केलेलं आहे. ‘अर्जंट, फक्त पंधरा दिवस, प्लीज’ असा मेसेज फिरतो, कुणी भली मुलगी हो म्हणते, रात्री अकराला तिच्या दारात खोकं येतं आणि दुसऱ्या दिवसापासून देणाऱ्याचा फोन लागत नाही. पंधरा दिवसांचे चार महिने होतात, दवाखान्याचं बिल तिच्यावर, दत्तकासाठी फोटो कुणी टाकत नाही, आणि तिने ‘आता घेऊन जा’ म्हटलं की तिलाच निर्दयी ठरवलं जातं. ज्या मुलीने दार उघडलं तिलाच शिक्षा करायची ही रीत संतापजनक आहे. ती पुढच्या वेळी दार उघडत नाही, आणि तिच्या मैत्रिणीही उघडत नाहीत.

पहिल्यांदा कुत्रं घरी आणणाऱ्याने म्हणून पिल्लू हातात घेण्यापूर्वी लेखी विचारावं: उपचाराचा खर्च कोण देणार, कोणत्या दवाखान्यात, दत्तक घर शोधायची जबाबदारी कुणाची, कोणत्या तारखेला ते परत नेणार आणि तोवर घर मिळालं नाही तर कुठे. आधीचं आजारपण, पार्व्होची चाचणी, लसींची नोंद असलेलं कार्ड मागावं. तुमच्या घरी लस पूर्ण न झालेलं दुसरं कुत्रं असेल तर ते त्यांना सांगावं, आणि तरीही ते पिल्लू सोपवायला तयार असतील तर तिथेच नाही म्हणावं. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही, उत्तरं तयारच असतात. ज्यांना राग येतो त्यांच्याकडून पिल्लू घेऊ नका. शहरात दुसऱ्या संस्था आहेत, त्यांना फोन करा आणि सांगा की तुमच्याकडे एक बंद होणारी खोली आहे आणि अमुक तारखेपर्यंत ती मोकळी आहे.